मक्यावरील बुरशी, यकृताचा कर्करोग आणि वनस्पतिजन्य द्रव्ये

खरिपाचा मका काढणीस येतो तो आश्विनात, आणि नेमका त्याच सुमारास परतीचा पाऊस येतो. सिल्लोड, कन्नड, फुलंब्री व खुलताबाद या तालुक्यांतील शेतकऱ्यांना ही अडचण नवी नाही. कणसे खुडून खळ्यावर ढीग घातला जातो, पावसाचे चिन्ह दिसताच त्यावर ताडपत्री ओढली जाते आणि दोन-चार दिवसांनी ताडपत्री काढली असता ढिगातून वाफ निघते. आतील कणसांच्या टोकास हिरवट-पिवळी भुकटी धरलेली आढळते. व्यापारी अशा मालाचा भाव पाडतो, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु भाव पडण्याहूनही मोठी हानी त्या भुकटीत दडलेली असते, याची जाण अद्याप पुरेशी झालेली नाही.

ही बुरशी अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस या नावाची असून ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. या विषाचा शोध १९६० साली इंग्लंडमध्ये लागला. तेथे भुईमुगाची पेंड खाऊन सुमारे एक लक्ष टर्की पक्षी मेले आणि शोध घेता घेता शास्त्रज्ञ या बुरशीपर्यंत पोचले. हे विष यकृतात गेल्यावर तेथील विकरे त्याचे रूपांतर अशा एका पदार्थात करतात की, जो पेशीतील आनुवंशिक द्रव्याला चिकटून बसतो. अल्प प्रमाणात परंतु वर्षानुवर्षे हे विष पोटात जात राहिले, तर यकृताच्या कर्करोगाचा संभव वाढतो. ज्याच्या रक्तात ‘ब’ प्रकारच्या काविळीचे विषाणू आहेत, त्याच्या बाबतीत हा धोका कितीतरी पटींनी अधिक असतो.

एकदम मोठ्या प्रमाणात विष गेल्यास काय होते, हे १९७४ साली महाराष्ट्राच्या शेजारीच दिसून आले. गुजरातमधील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा या जिल्ह्यांत त्या वर्षी काढणीच्या वेळी अवेळी पाऊस झाला. तेथील आदिवासी कुटुंबांचे मुख्य अन्न मका. भिजलेला मका घरात साठवला गेला व तोच खाल्ला गेला. कावीळ व जलोदर यांनी ३९७ माणसे आजारी पडली आणि त्यांतील १०६ दगावली. त्याच घरांतील उष्टे खाणारी कुत्रीही मेली. काही नमुन्यांत किलोमागे १५ मिलिग्रॅमपर्यंत विष आढळले. भारतात धान्यासाठी ठरविलेली कमाल मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे तो मका या मर्यादेच्या हजारपट विषारी होता.

आता वनस्पतिजन्य द्रव्यांचा विचार करू. पालेभाज्यांतील हरितद्रव्य, कोबी-मुळा-मोहरी या कुळातील सल्फोराफेनसारखी तिखट द्रव्ये आणि हळदीतील कर्क्युमिन यांविषयी बरेच संशोधन झाले आहे. त्यांतील हरितद्रव्याचे कार्य समजण्यास सोपे आहे. ते आतड्यातच विषाला घट्ट धरून ठेवते व रक्तात जाऊ देत नाही. चीनमध्ये यांगत्झे नदीच्या मुखाशी चीडोंग नावाचा भाग आहे. यकृताच्या कर्करोगासाठी तो कुप्रसिद्ध होता. तेथील १८० निरोगी प्रौढांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. हरितद्रव्यापासून बनविलेले क्लोरोफिलिन रोज तीन वेळा, प्रत्येक वेळी १०० मिलिग्रॅम, जेवणापूर्वी चार महिने दिले असता, विषाने पेशीला पोचविलेल्या इजेची लघवीतील खूण ५५ टक्क्यांनी कमी झाली. मात्र येथे मोजली गेली ती खूण. प्रत्यक्ष कर्करोग किती टळला, हे अशा चार महिन्यांच्या प्रयोगातून कळत नाही. सल्फोराफेन निराळ्या रीतीने काम करते. यकृतात विषाला निष्प्रभ करून बाहेर टाकणारी जी विकरे असतात, त्यांचे प्रमाण ते वाढविते. हळदीचा गुण प्राण्यांवरील प्रयोगांत दिसला आहे, पण कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारच थोडे शोषले जाते. शिवाय हिंगोली-वसमतच्या हळदीचा अभिमान बाळगताना हेही ध्यानात असावे की, शिजविल्यानंतर नीट न वाळलेल्या हळदीवर आणि लाल मिरचीवरही हीच बुरशी वाढते!

मेथी, चाकवत, अंबाडी, मुळ्याचा पाला या भाज्या जेवणात रोज असाव्यात, याविषयी दुमत नाही. परंतु ‘यकृत शुद्ध करणारी’ म्हणून बाजारात मिळणारी अर्कांची चूर्णे व गोळ्या वैद्यकीय सल्ल्यावाचून घेणे निराळे. वनस्पतीची आहे म्हणून ती निर्धोक असेलच असे नाही. काही अर्कांनी यकृतास इजा झाल्याची उदाहरणे आहेत.

त्याच चीडोंगमधील दुसरी हकीकत अधिक बोलकी आहे. १९८० नंतरच्या दशकात तेथील लोक मका सोडून हळूहळू तांदळाकडे वळले. रक्तातील अफ्लाटॉक्सिनची खूण १९८९ साली सर्रास आढळत असे; २००९ पर्यंत बहुतेकांत ती मोजण्याइतकीही उरली नाही. पस्तिशीच्या आतील लोकांत यकृताच्या कर्करोगाने होणारे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले, आणि ही माणसे नवजात बालकांना सर्वत्र काविळीची लस मिळू लागण्यापूर्वी जन्मलेली होती. विष पोटात गेल्यावर त्याचा उतारा शोधण्यापेक्षा ते धान्यातच न येऊ देणे किती फलदायी ठरते, ते यावरून दिसते. मराठवाड्यातील शेतकऱ्याने मका सोडावा असे नव्हे, मका वाळवावा.

कणसे खुडल्यावर उंच ढीग न घालता पातळ पसरावीत. उघडीप मिळताच ताडपत्री काढून हवा लागू द्यावी. कीड लागलेली, टोकाशी काळी-हिरवी पडलेली कणसे सोलणी यंत्रात घालण्यापूर्वीच वेगळी काढावीत, कारण एकदा दाणे मिसळले की निवडणे जिकिरीचे होते. फुटके व सुरकुतलेले दाणे उफणून व चाळून काढावेत. विषाचा मोठा भाग त्यांतच असतो. दाण्यातील ओलावा १३ टक्क्यांच्या आत आल्याखेरीज पोती भरू नयेत. भुईमुगाच्या शेंगांस ही मर्यादा ८ टक्के समजावी. पोती फरशीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचावीत.

ओलावा मोजण्याचे यंत्र नसेल तेथे मिठाची परीक्षा करून पाहावी. कोरड्या काचेच्या बाटलीत तिसऱ्या हिश्श्याइतका मका घ्यावा. त्यात तव्यावर तापवून कोरडे केलेले व निवलेले दोन-तीन चमचे मीठ टाकून बूच लावावे. मिनिटभर जोराने हलवून पाव तास तसेच ठेवावे. मीठ बाटलीच्या काचेस चिकटले तर ओलावा १५ टक्क्यांहून अधिक आहे असे समजावे. न चिकटले तरी लगेच पोती भरू नयेत, आणखी एक-दोन कडक उन्हे द्यावीत. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही परीक्षा काढणीपूर्वीच्या सभेत करून दाखविल्यास पुष्कळ सांगण्याचे श्रम वाचतील.

बुरशी लागलेले धान्य टाकून देणे कोणालाही जिवावर येते. ‘माणसांनी खाऊ नये, गुरांना घालू’ असा विचार घरोघरी होतो. परंतु भाकरी भाजली वा धान्य शिजवले तरी हे विष पुरते नष्ट होत नाही, आणि दुभत्या जनावरास दिल्यास त्याचा काही अंश एक-दोन दिवसांत दुधात उतरतो. ते दूध घरातील लहान मुलांच्याच वाट्यास येते. बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीचेही तेच. असा माल कोंबड्यांनाही घालू नये. तो खड्ड्यात पुरावा.

यकृताचा कर्करोग आरंभी दुखत नाही, त्यामुळे तो उशिरा कळतो. ज्यांना ‘ब’ प्रकारची कावीळ झालेली आहे किंवा ज्यांचे यकृत कठीण झाले आहे, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घ्यावी. बालकांना जन्मतःच दिली जाणारी या काविळीची लस सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते.