रोजा न धरणाऱ्या भाच्यास

प्रिय बेटा,



काल तुझ्या आईचा फोन आला. डॉक्टरांनी रोज्यांना मनाई केल्यापासून तू घरात कुणाशी धड बोलत नाहीस, आणि ‘कुणाला न सांगता धरेन’ असंही म्हणालास, हे सांगताना तिला रडू आवरेना. हा विषय फोनवर उरकण्यासारखा नाही, म्हणून लिहितो आहे.

तू कुरआन वाचतोस. सूरे बकरातल्या ज्या आयतींमध्ये रोजे फर्ज झाल्याचं येतं, त्या पुन्हा नीट वाच. हिजरी सन 2 मध्ये हा हुकूम आला, आणि त्याच्या पाठोपाठ लगेच आजारी माणसाची आणि प्रवाशाची सवलत आली. पुढच्याच आयतीत ती पुन्हा सांगितली आहे. ज्याने हुकूम दिला त्यानेच सूट दिली. मग त्यातलं एक डोक्यावर घ्यायचं आणि दुसरं कमीपणाचं मानायचं, हा अधिकार आपल्याला कुणी दिला?

हिजरी 8 च्या रमजानमध्ये पैगंबर साहेब मक्केकडे निघाले होते. लोक रोज्याने होते आणि वाटचालीने हैराण झाले होते. तेव्हा असरच्या नमाजनंतर त्यांनी पाण्याचं भांडं मागवलं, सगळ्यांना दिसेल असं उंच धरलं आणि पाणी प्यायले. तरीही काहीजण रोजा सोडायला तयार नाहीत हे कळल्यावर त्यांनी त्या लोकांना आज्ञा मोडणारे म्हटलं. बेटा, ती माणसं आळशी नव्हती. तुझ्यासारखीच तळमळीची होती. तरीही हे ऐकावं लागलं.

आता तुझ्या तब्येतीचं. तुझा मधुमेह टाइप 1 आहे. तुझं शरीर इन्सुलिन बनवत नाही. इंजेक्शन घेऊन दिवसभर उपाशी राहिलास तर साखर झपाट्याने खाली येते. हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, बोलणं अडखळतं. उपाशी आहोत म्हणून इन्सुलिनच टाळलंस, तर साखर चढते, रक्तात कीटोन साठतात आणि थेट दवाखाना गाठावा लागतो. आजोबाही मधुमेह असून रोजे धरत होते असं तू म्हणालास. त्यांचा मधुमेह वेगळा होता, गोळ्यांवर होता, आणि तेसुद्धा डॉक्टरांना विचारून धरत. जीव ही अल्लाहची अमानत आहे. ती धोक्यात घालून केलेली इबादत त्याला हवी आहे असं मी तरी कुठे वाचलेलं नाही.

आणि रमजान म्हणजे फक्त पोट रिकामं ठेवणं नव्हे. दिवसभर उपाशी राहून कुणी खोटं बोलत असेल, तर त्याच्या उपवासाची अल्लाहला गरज नाही, असं हदीसमध्ये आहे. भांडायला कुणी समोर आलं तर ‘मी रोज्याने आहे’ म्हणावं आणि बाजूला व्हावं, हेही आहे. हा भाग तुला कुठल्या डॉक्टरने बंद केला? चहाडी बंद कर. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर चालणारी ती बाचाबाची बंद कर. मला विचारशील तर पाणी सोडण्यापेक्षा हे जास्त अवघड आहे. पहाटे सहेरीला घरच्यांबरोबर ऊठ. कुरआनचा रोज एक पारा वाच, महिन्यात तीस होतील. रात्री तरावीहच्या नमाजला जा, मात्र खिशात ग्लुकोजच्या गोळ्या असू देत. मगरिबच्या आधी आई भजी तळत असते तेव्हा खजूर धुऊन ताटात लावण्याचं, सरबत ढवळण्याचं काम तू घे. रोजा सोडायला सगळे बसतील तेव्हा तूही तिथेच बैस. कोपऱ्यात जाऊन बसायचं काही कारण नाही.

दुपारी जेवताना रस्त्यावर, लोकांसमोर जेवू नकोस, तो अदब झाला. पण चोरून, अपराधी तोंडानेही खाऊ नकोस. मित्रांनी विचारलं तर सरळ सांग, ‘मला सवलत आहे.’ त्याहून जास्त खुलासा कुणाला देणं लागत नाहीस.

तुझा आजार तात्पुरता नाही, म्हणून तुझ्यावर फिदिया येतो. प्रत्येक रोज्यामागे एका गरजूचं जेवण. मौलाना साहेबांना विचारून हिशेब नक्की कर. मात्र आईने परस्पर पैसे भरून मोकळं व्हावं, हे मला पसंत नाही. धान्य तू स्वतः आण, डबा तू स्वतः पोहोचव. ज्याच्या घरी बाराही महिने चूल पेटण्याची खात्री नसते, त्याच्या दारात उभा राहिलास की भूक कशाला म्हणतात ते दिसेल, आणि रोजे त्यासाठीही आहेत.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2030 साली तो जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेरीस येईल. थंडीतले दिवस लहान असतात. तोवर उपचारही बदलतील कदाचित. तेव्हा एखादा रोजा जमेल का, हे आपण दोघं मिळून डॉक्टरांना विचारू. त्यांनी हो म्हटलं तर धर, नाही म्हटलं तर त्या वर्षीही फिदिया दे.

पुढच्या तपासणीला साखरेच्या नोंदींची वही घेऊन जा, आणि सहेरी-तरावीहच्या वेळा सांगून इन्सुलिनच्या वेळा बदलायच्या का ते विचार. आज संध्याकाळी आईशी नीट बोल. तिला माझा सलाम सांग.

तुझा मामा