डेटाबेस जोडायला शिकताय? फी भरण्याआधी हे वाचा

तुम्ही एक छोटं ॲप्लिकेशन लिहिलंय. किराणा दुकानाची उधारी, शिकवणीची हजेरी, नाहीतर घरातल्या पुस्तकांची यादी. प्रोग्राम बंद केला की भरलेली माहिती जाते. ती टिकवायची तर ॲप्लिकेशन डेटाबेसला जोडायला हवं. हे शिकायला खर्च किती? घरात कॉम्प्युटर आणि इंटरनेट असेल तर शून्य रुपये. वेळ? डेटाबेसमधली पहिली नोंद पडद्यावर दिसेपर्यंत एक दुपार, आणि नीट हात बसायला रोज तासभर धरून दोन-तीन आठवडे. यापेक्षा जास्त पैसे कुणी मागत असेल, तर ते नेमके कशाचे, हे आधी विचारा.

काय घ्यायचं?

पायथन शिकत असाल तर काहीच घेऊ नका. एसक्यूलाइट हा डेटाबेस वापरण्याची सोय पायथनसोबतच येते. अख्खा डेटाबेस म्हणजे एक फाइल. सर्व्हर नाही, पासवर्ड नाही. सुरुवात इथूनच करावी, असं माझं ठाम मत आहे. जावा किंवा पीएचपी शिकत असाल तर मायएसक्यूएलची कम्युनिटी आवृत्ती किंवा पोस्टग्रेस घ्या. दोन्ही मोफत. दोन्हींत भांडण लावत बसू नका. कॉलेजात जो शिकवतात तोच घ्या, म्हणजे परीक्षेलाही उपयोगी पडेल. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरची डेव्हलपर आवृत्तीही मोफत आहे, पण फक्त शिकण्यासाठी आणि चाचणीसाठी. दुकानाच्या रोजच्या कामाला ती लावता येत नाही.

सॉफ्टवेअर मूळ संस्थेच्या संकेतस्थळावरूनच उतरवा. पेनड्राइव्हवर ‘लायसन्सवालं’ म्हणून कुणी विकत असेल तर घेऊ नका, फुकटच्या वस्तूचे पैसे जातील. मायएसक्यूएल उतरवताना ओरॅकलचं खातं उघडा, असं सांगणारी मोठी बटणं समोर येतात. खाली बारीक अक्षरात ‘नो थँक्स, जस्ट स्टार्ट माय डाउनलोड’ अशी ओळ असते. तिथे क्लिक करा. खातं लागत नाही, कार्ड तर नाहीच. 4 जीबी रॅमचा जुना लॅपटॉप चालतो. 8 जीबी असेल तर काम सुखाचं होतं. एवढ्यासाठी नवा लॅपटॉप घेऊ नका.

जोडणीला काय लागतं?

एसक्यूलाइट सोडून बाकी डेटाबेससाठी पाच गोष्टी एका कागदावर लिहून ठेवा: सर्व्हरचा पत्ता, पोर्ट, वापरकर्त्याचं नाव, पासवर्ड, डेटाबेसचं नाव. स्वतःच्याच मशीनवर असाल तर पत्ता ‘लोकलहोस्ट’. पोर्ट मायएसक्यूएलचा 3306, पोस्टग्रेसचा 5432. सहावी गोष्ट ड्रायव्हर, म्हणजे तुमची भाषा आणि डेटाबेस यांच्यातला दुभाषी. जावाला तो जार फाइल म्हणून वेगळा जोडावा लागतो. ‘नो सुटेबल ड्रायव्हर’ असा संदेश आला तर जार जोडायची राहिली आहे किंवा जोडणीचा पत्ता लिहिताना चूक झाली आहे. ड्रायव्हरही मोफतच.

वेळ खातात त्या चुका, आणि याच टप्प्यावर घाबरून लोक क्लासची फी भरतात. म्हणून संदेश नीट वाचा. मायएसक्यूएलमध्ये 1045 म्हणजे ‘ॲक्सेस डिनाइड’. त्या ओळीच्या शेवटी कंसात ‘युझिंग पासवर्ड: येस’ किंवा ‘नो’ असं लिहिलेलं असतं. तिकडे कुणी बघत नाही, आणि निदान तिथेच असतं. ‘नो’ असेल तर तुमच्या प्रोग्रामने पासवर्ड पाठवलाच नाही. ‘येस’ असेल तर पासवर्ड गेला, पण तो चुकीचा आहे, किंवा वापरकर्त्याचं नाव चुकलंय. 1049 आला तर डेटाबेसचं नाव चुकलं आहे किंवा तो अजून तयारच केलेला नाही. 2002 किंवा 2003 आला तर बहुधा सर्व्हरच चालू नाही. पासवर्ड बदलत बसू नका, आधी सर्व्हर सुरू करा.

झॅम्प हा तयार संच वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. त्यात बटणावर मायएसक्यूएल लिहिलेलं असलं तरी आत मारियाडीबी असतो. शिकताना फरक पडत नाही. पण मायएसक्यूएल आधीच वेगळा बसवलेला असेल तर दोघेही 3306 मागतात आणि झॅम्पचा सर्व्हर सुरूच होत नाही. दोघांपैकी एक बंद करा. झॅम्पमध्ये ‘रूट’ या मुख्य वापरकर्त्याला पासवर्ड नसतो. घरी चालेल, हीच मांडणी इंटरनेटवर चढवलीत तर कुणीही आत शिरेल.

एसक्यूलाइटमध्ये वेगळाच सापळा आहे. फाइलच्या नावात एक अक्षर चुकलं तरी तो तक्रार करत नाही. गुपचूप त्या चुकीच्या नावाची नवी, कोरी फाइल तयार करतो आणि मग म्हणतो, ‘नो सच टेबल’. तुम्ही तासभर टेबल शोधत बसता. प्रोग्राम वेगळ्या फोल्डरमधून चालवला तरी हेच होतं. म्हणून फाइलचा पूर्ण मार्ग लिहा. आणि नोंद भरल्यावर ‘कमिट’ करा. नाहीतर आत्ता दिसलेली नोंद पुढच्या वेळी गायब.

मोबाइल ॲप करत असाल तर इथे थांबा. अँड्रॉइडच्या एम्युलेटरमधून ‘लोकलहोस्ट’ म्हटलं की तो एम्युलेटर स्वतःलाच शोधतो. तुमच्या लॅपटॉपसाठी 10.0.2.2 हा पत्ता द्यावा लागतो. पण खरी गोष्ट वेगळी. फोनमधलं ॲप थेट मायएसक्यूएलला जोडूच नका. ॲपच्या फाइलमधून पासवर्ड बाहेर काढता येतो. मध्ये एक छोटा सर्व्हर प्रोग्राम ठेवा; ॲपने त्याच्याशी बोलावं, त्याने डेटाबेसशी.

पासवर्ड कोडमध्ये लिहून कोड गिटहबवर चढवू नका. नंतर ओळ पुसली तरी जुन्या नोंदींत तो राहतो. चुकून चढवलाच असेल तर ओळ पुसण्यावर समाधान मानू नका, पासवर्डच बदला.

शिकायचं कुठे?

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे धडे मोफत आहेत आणि त्यातले बरेच मराठी आवाजात आहेत. एनपीटीईएलवर डेटाबेसचा अभ्यासक्रम आयआयटीचे प्राध्यापक शिकवतात. सत्रं जानेवारी आणि जुलैमध्ये सुरू होतात आणि प्रवेश मोफत असतो. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेचे 1000 रुपये. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. हॉल तिकीट आणि मूळ फोटो ओळखपत्र न्या. विद्यार्थी असाल तर गिटहबचा विद्यार्थी संचही मोफत मिळतो. त्यासाठी चालू वर्षाची तारीख असलेलं कॉलेजचं ओळखपत्र चालतं.

तरीही क्लास लावायचा असेल तर खुशाल लावा. समोर बसून शंका विचारण्याची किंमत असते. पण डेमो लेक्चरला दोन प्रश्न विचारा. एक, पीएचपीत जोडणी कशी करता? ‘मायएसक्यूएल कनेक्ट’ हे जुनं फंक्शन फळ्यावर लिहिलं तर उठून या. ते 2015 साली पीएचपी 7 मधून काढून टाकलं आहे. दोन, प्रिपेअर्ड स्टेटमेंट कितव्या तासाला शिकवता? वापरकर्त्याने टाइप केलेला मजकूर थेट क्वेरीत चिकटवला तर कुणीही तुमचा डेटाबेस वाचू शकतो, पुसू शकतो. ते टाळणारी प्रिपेअर्ड स्टेटमेंट पहिल्याच आठवड्यात शिकवायला हवीत. ‘ते ॲडव्हान्स्ड कोर्समध्ये येतं’ असं उत्तर आलं, तर तो क्लास तुम्हाला असुरक्षित सवय लावून वर दुसरी फी मागतोय.

फी विचारताना ‘जीएसटी धरून किती?’ असंच विचारा. खासगी क्लासवर 18 टक्के जीएसटी आहे; 30,000 सांगितलेले 35,400 होतात. पावतीवर जीएसटी क्रमांक नसताना कर लावला असेल तर भरू नका. साहित्य, लॅब, परीक्षा, प्रमाणपत्र यांचे पैसे वेगळे आहेत का, हे लेखी घ्या. क्लास सोडला तर परतावा किती, हेही लेखी.

‘नो कॉस्ट ईएमआय’ ही बहुतेक वेळा क्लासची सवलत नसते, ते वित्त कंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज असतं. पॅन, आधार आणि एक ओटीपी दिला की झालं. क्लास बंद पडला तरी हप्ता तुमच्या खात्यातून जात राहतो. सही करण्याआधी कर्जाचं मुख्य तथ्य पत्रक मागा. त्यात प्रक्रिया शुल्कासह सगळा खर्च लिहिलेला असतो. मूळ गुणपत्रिका आणि कोरे चेक कुणालाही देऊ नका.

क्लाउडचं बिल

शिकताना क्लाउड लागत नाही. प्रकल्प मित्रांना दाखवायचा असेल तर कार्ड न मागणारी मोफत सोय बघा; माँगोडीबी ॲटलास 512 एमबीपर्यंत फुकट देतो. ॲमेझॉनच्या आरडीएस या क्लाउड सेवेवर डेटाबेस ‘थांबवला’ म्हणजे बिल थांबलं, असं समजू नका. साठवणुकीचे पैसे चालूच राहतात आणि 7 दिवसांनी तो आपोआप पुन्हा सुरू होतो. शिवाय फेब्रुवारी 2024 पासून सार्वजनिक आयपीव्ही4 पत्त्यासाठी तासाला अर्धा सेंट लागतो, महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर. बजेट अलर्ट लावा, पण तो फक्त सूचना देतो, बिल रोखत नाही. काम झालं की डेटाबेस डिलीट करा आणि त्याच्या प्रती उरल्या नाहीत ना, ते बघा. स्वस्त होस्टिंग घेत असाल तर पहिल्या वर्षाचा दर बघून भुलू नका, नूतनीकरणाचा दर बघा.

फसवणूक झालीच तर

‘नोकरीची हमी’ अशा खोट्या दाव्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 च्या मार्गदर्शक तत्त्वांत कोचिंग क्लासच्या जाहिरातींसाठी मनाई केली आहे. जाहिरातीचा स्क्रीनशॉट पहिल्याच दिवशी काढून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. तिथे काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार 2 वर्षांच्या आत करावी लागते आणि भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. मात्र पैसे कुणाला आणि कशासाठी दिले, हे तुम्हालाच दाखवावं लागेल. म्हणून पैसे बँकेतून किंवा यूपीआयने, संस्थेच्याच खात्यावर द्या, आणि पावती हातात पडल्याशिवाय तिथून हलू नका.