अब्बा आजारी पडतात तेव्हा

आपली मूठ मिटून पाहा. साधारण तेवढेच आपले हृदय असते. ते दिवसाला सुमारे एक लाख वेळा धडधडते व साऱ्या शरीराला रक्त पुरवते. हृदयालाही रक्त लागते. ते पुरवणाऱ्या रक्तवाहिन्यांत वर्षानुवर्षे चरबी साचत जाते. एखाद्या दिवशी तेथे रक्ताची गुठळी होते आणि वाट बंद पडते. यालाच हृदयविकाराचा झटका म्हणतात.

हा आजार कोणालाही होऊ शकतो. डॉ. नीतू मांडके हे मुंबईतील नामवंत हृदयशल्यचिकित्सक होते. अंधेरीच्या चार बंगला भागात मोठे रुग्णालय उभारण्याचे त्यांचे स्वप्न होते. ते पूर्ण होण्याआधीच २२ मे २००३ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ५५ वर्षांचे होते. पुढे इतरांनी ते काम पूर्ण केले. २००९ साली तेथे रुग्णालय सुरू झाले. हृदयाच्या डॉक्टरांनाही जो आजार चुकला नाही, तो आपल्या घरात आला तर कोणाला दोष का द्यावा?

माझ्या वर्गात दहावीत एक मुलगी होती. तिचे वडील रिक्षा चालवत. एका संध्याकाळी सहलीच्या पैशांवरून ती वडिलांशी भांडली. त्याच रात्री त्यांच्या छातीत कळ आली. त्यांना रुग्णालयात नेले. घरातील मोठी माणसे तिला एवढेच म्हणाली, “तू अभ्यास कर. बाकी आम्ही पाहू.” वर्गात ती गप्प बसू लागली. सोपी गणितेही चुकू लागली. एक दिवस ती हळूच म्हणाली, “सर, मी भांडले म्हणूनच अब्बांना झटका आला ना?”

मी म्हणालो, “हे तू डॉक्टरांनाच विचार.”

तिने विचारले. डॉक्टरांनी कागदावर रक्तवाहिनीचे चित्र काढले. ते म्हणाले, “बेटा, ही चरबी एका रात्रीत साचत नाही. बिडी आणि वाढलेला रक्तदाब यांचे हे अनेक वर्षांचे काम आहे.” तिच्या मनावरचे ओझे उतरले.

तिचा भाऊ अकरावीत होता. तो म्हणाला, “मी कॉलेज सोडतो आणि रिक्षा चालवतो.” अम्मी म्हणाली, “परवान्याचे तुझे वय नाही. तू शिकायचे.” चाचांनी ओळखीच्या चालकाला रिक्षा भाड्याने दिली. रुग्णालयातील आरोग्यमित्राने अम्मीची केशरी शिधापत्रिका पाहिली. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचारांचा खर्च झाला.

मग घरातील कामे वाटली गेली. मुलगी वेळेवर औषधे देई. भाऊ पाणी भरी. अम्मीने जेवणातील तेल व मीठ कमी केले. अब्बांनी बिडी सोडली.

रमजान आला. अब्बा म्हणाले, “मी एकही रोजा सोडणार नाही.” मुलगी घाबरली, पण तिने वाद घातला नाही. ती त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, “या वर्षी नको.” मशिदीतील मौलानांनीही सांगितले, “आजारी माणसाला पवित्र कुरआनातच सवलत दिली आहे.” अब्बांनी ऐकले. रोज संध्याकाळी इफ्तारला मात्र ते सर्वांबरोबर बसत.

मित्रांनो, तुम्हीही काही गोष्टी लक्षात ठेवा. छातीवर दाब येणे, हात किंवा जबडा दुखणे, दम लागणे, दरदरून घाम येणे ही झटक्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी रुग्णाला चालवू नका. त्याला बसवा आणि लगेच १०८ क्रमांकावर फोन करा. घाटकोपरच्या असल्फ्यासारख्या डोंगरावरील वस्तीत गाडी दारापर्यंत येत नाही. तेथे रुग्णाला खुर्चीत बसवून खाली न्यावे. एकाने रस्त्यावर उभे राहून गाडीला वाट दाखवावी.

रुग्ण घरी आल्यावर आजाराची माहिती विचारा. भीती वाटली तर मोठ्यांना सांगा. आपल्याला झेपेल ते एक काम रोज करा आणि अभ्यासही चालू ठेवा. मुले आनंदाने शिकत आहेत, हे पाहूनही आजारी माणसाला धीर येतो.

शब्दार्थ
हृदय – दिल
उपचार – इलाज
लक्षण – अलामत
धीर – हिंमत, दिलासा
परवाना – लायसन्स
शिधापत्रिका – रेशनकार्ड

स्वाध्याय
१. मुलगी वर्गात गप्प का बसू लागली?
२. डॉक्टरांनी तिची समजूत कशी घातली?
३. घरातील कामे कोणी कोणती केली?
४. ‘मनावरचे ओझे उतरणे’ हा वाक्प्रचार वाक्यात वापरा.
५. घरी कोणी आजारी असताना तुम्ही कोणती मदत केली, ते पाच ओळींत लिहा.