पाय फाकलेले पिलू

सह्याद्रीच्या पायथ्याशी, उल्हास व पाताळगंगा या नद्यांच्या खोऱ्यांत, रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर हे तालुके वसलेले आहेत. भात हे येथील मुख्य पीक. भातशेतीच्या जोडीला वाडीवस्तीवर कोंबड्या पाळल्या जातात. कुक्कुटपालनाच्या मोठ्या शेडही या भागात उभ्या राहिल्या आहेत.

खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली, की सुमारे २१ दिवसांनी पिलू कवच फोडून बाहेर येते. ओलेचिंब, थकलेले ते पिलू काही तासांत वाळते व आपल्या पायांवर उभे राहते. एखाद्या पिलाला मात्र उभे राहता येत नाही. त्याचे पाय दोन्ही बाजूंना फाकतात आणि पोट जमिनीला टेकते. ते धडपडते, चिवचिवते आणि पुन्हा कोसळते.

अशा पिलापाशी वेळ थोडा असतो. जन्मापूर्वी अंड्यातील उरलेला बलक त्याच्या पोटात गेलेला असतो. त्या शिदोरीवर ते सुमारे दोन दिवस तग धरते. पुढे दाण्यापाण्यापर्यंत त्याला स्वतःच जावे लागते. ज्याला चालता येत नाही, ते भरल्या ताटलीपासून वीतभर अंतरावर उपाशी राहते.

पुष्कळदा दोष पिलाचा नसतो. त्याच्या पायांखालच्या जागेचा असतो. गुळगुळीत फरशीवर किंवा वर्तमानपत्राच्या कागदावर नखांना पकड मिळत नाही व कोवळे पाय घसरत राहतात. उबवणी यंत्रातील उष्णता किंवा दमटपणा कमीअधिक झाला, तरीही पाय असे अधू होतात.

म्हणून पहिला उपाय जागेचा. खोक्यात गोणपाट किंवा खरखरीत कापड अंथरावे. मोठ्या शेडमध्ये भाताचे तूस पसरतात. ते ओल शोषून घेते आणि पायांना पकडही देते. दुसरा उपाय पट्टीचा. मऊ, चिकट पट्टीची अरुंद फीत घेऊन दोन्ही पाय सैलसर जोडावेत. पायांत नैसर्गिक अंतर राहिले पाहिजे. पट्टी आवळली, तर रक्त अडून पंजा सुजतो. पिलू झपाट्याने वाढते. म्हणून पट्टी रोज सोडून पाहावी व नव्याने बांधावी.

पिलाला सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब मिळावी. इतर पिले त्याला टोचत असतील, तर त्याला वेगळे ठेवावे. उथळ ताटलीत खडे घालून पाणी द्यावे, म्हणजे ते बुडणार नाही. चोचीचे टोक पाण्यात अलगद बुडवले, की पिलू प्यायला शिकते.

हाडे कोवळी असल्यामुळे वेळीच उपाय केल्यास बहुधा काही दिवसांत पाय सरळ होतात. बोटे आत वळली असतील, तर ‘ब-२’ जीवनसत्त्वाची उणीव संभवते. गुडघ्यासारखा दिसणारा सांधा सुजला असेल, तर स्नायुबंध सरकलेला असू शकतो. अशा वेळी पशुवैद्यकाकडे जावे. काही पिले सर्व उपचार करूनही वाचत नाहीत.

जे वाचते, ते पट्टी सुटल्यावर दोन पावले टाकते, अडखळते, आणि मग धावत आपल्या भावंडांत मिसळते. थोड्याच दिवसांत त्या घोळक्यातून ते ओळखूही येत नाही.

स्वाध्याय

१. पिलाला दोन दिवसांच्या आत मदत का मिळाली पाहिजे?
२. गोणपाट अंथरल्याने कोणता लाभ होतो?
३. पट्टी रोज का सोडून पाहावी?