शेकडा पाच म्हणजे किती?

मैत्रिणींनो, सावकार म्हणतो, "महिना शेकडा पाच." ऐकायला थोडंच वाटतं. पण मांडून बघा.

शेकडा म्हणजे शंभरात. म्हणून ५ टक्के = ५/१००. वरच्या आणि खालच्या आकड्याला ५ ने भाग द्या: १/२०. म्हणजे दर महिन्याला मुद्दलाचा विसावा हिस्सा व्याज! नुसतं व्याजच भरत राहिलात, तर २० महिन्यांत मुद्दलाएवढे पैसे जातात आणि मुद्दल तसंच उभं राहतं.

गटाचा दर महिना २ टक्के असेल, तर २/१०० = १/५०. तेवढंच व्याज व्हायला ५० महिने लागतात.

आता तुम्ही करा: वर्षाला १२ टक्के. दोन्ही आकड्यांना ४ ने भाग द्या. उत्तर ३/२५ आलं का? कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी एवढं गणित कराच.