भाव आणि मोल

मालती : नाना, ४० रुपयांचा समभाग स्वस्त आणि ४,००० रुपयांचा महाग, असे सरळ का म्हणू नये?

नाना : कारण भांडवलाचे तुकडे किती पाडले यावर तो आकडा लहानमोठा होतो. ४० रुपयांच्या समभागामागे वर्षाकाठी १ रुपया निव्वळ नफा असेल, तर तू चाळीसपट मोजतेस. ४,००० च्या मागे ४०० असेल, तर अवघी दहापट. पण ताळेबंद उघडतो कोण? दलालाच्या तोंडच्या वार्तेवर आयुष्याची पुंजी लावणारे सुशिक्षित गृहस्थ वार्षिक अहवाल न वाचताच रद्दीत घालतात, याचा मला मनस्वी खेद होतो.

मालती : मी ताळेबंद उघडून कर्ज आणि गंगाजळीही पाहीन. पण दहापट म्हणजे स्वस्तच ना?

नाना : मुळीच नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि त्याऐवजी इकडचा कापूस पाठविणाऱ्या मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे जो अमाप पैसा लोटला, त्यातून बँका व समुद्र हटविणाऱ्या कंपन्या निघून, बॅक बे कंपनीच्या ५,००० रुपयांच्या समभागावर ५०,००० पर्यंत अधिमूल्य चढले. समभागांच्याच तारणावर बँका कर्जे देत होत्या. १८६५ त युद्ध संपले, कापसाचा भाव उतरला, आणि २,८५० रुपयांवर गेलेला बँक ऑफ बॉम्बेचा समभाग ८७ रुपयांना विकावा लागला. कापसातला नफा खोटा नव्हता, पण तो युद्धापुरता होता. त्या नफ्याच्या पटीने हिशेब करणाराही बुडालाच असता.

मालती : मग आजचा नफा टिकेल की नाही, हे कसे ओळखावे?

नाना : तेजीमंदी दोन्ही धरून दहा वर्षांची सरासरी काढावी.

मालती : पण धंदाच कायमचा आटला, तर सरासरीही फसवील.

नाना : फसवील, हे मी नाकारीत नाही, म्हणून तर अमेरिकन गुंतवणूकतज्ज्ञ बेंजामिन ग्रॅहॅमने सांगितले, की आपण ठरविलेल्या मोलाहून भाव पुष्कळ खाली असेल तरच खरेदी करावी, म्हणजे अजमास चुकला तरी नुकसान सोसवेल.

मालती : आणि भाव तितका खाली आलाच नाही तर?

नाना : तर घेऊ नये. आता तुझ्या मनातल्या कंपनीचे दहा वर्षांचे अहवाल मिळव, नफा नेमका कशातून आला ते टिपून काढ, आणि मगच भावाविषयी विचारायला ये.