फिल्टर लावला, तरी रिपॉझिटरी जडच का?

प्रश्न : सोलापुरात टॉवेल आणि चादरींची जॅकार्ड डिझाइन्स करून देण्याचा आमचा व्यवसाय आहे. फोटोशॉपच्या फायली गिटमध्ये असतात. रिपॉझिटरी फार फुगली म्हणून गिट एलएफएस सुरू केलं, ‘गिटअ‍ॅट्रिब्यूट्स’मध्ये पीएसडीची ओळही घातली. तरी नव्या मुलाच्या संगणकावर क्लोन व्हायला पूर्वीइतकाच वेळ लागतो. असं का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : एलएफएस नीट चालू असणार, पण ते पुढचंच बघतं. तुम्ही ‘अ‍ॅड’ केलंत की ‘क्लीन’ फिल्टर फाइल बाजूला ठेवतो आणि गिटच्या हाती तीन ओळींची चिठ्ठी देतो : एलएफएसची आवृत्ती, फाइलचा एसएचए-२५६ कोड आणि तिचा आकार. चेकआउटच्या वेळी ‘स्मज’ फिल्टर ती चिठ्ठी वाचून मूळ फाइल आणतो. एलएफएस सुरू करण्याआधीच्या कमिटांत मात्र अख्ख्या पीएसडी तशाच आहेत, आणि क्लोन करताना सगळा इतिहास उतरतो.

जुन्या कमिटांतही चिठ्ठ्या घालता येतात, पण ते स्वस्तात होत नाही. कमिटचा ४० अक्षरी हॅश त्यातल्या फायली, संदेश, तारीख आणि आधीच्या कमिटचा हॅश यांवरून निघतो. म्हणून मागचा एक कमिट बदलला की पुढचे सगळे हॅश बदलतात. चादरीच्या मधला आडवा धागा बदलायचा, तर तिथून पुढचं सगळं उसवून पुन्हा विणावं लागतं, तसंच.

करायचंच असेल, तर आधी सगळ्यांचं काम पुश करून घ्या आणि एक मिरर क्लोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. मग ‘गिट एलएफएस मायग्रेट इम्पोर्ट’ चालवा. ‘इन्क्लूड’मध्ये पीएसडी द्या आणि सोबत ‘एव्हरीथिंग’, म्हणजे कुठलीही ब्रँच सुटणार नाही. त्यानंतर फोर्स पुश. बाकीच्यांनी पुल करायचं नाही, नवा क्लोन घ्यायचा. एकानेही जुनी ब्रँच मर्ज करून पुश केली, तर काढलेला पसारा परत आलाच म्हणून समजा.

इतिहास बदलण्यासाठी जुन्या लेखांत ‘फिल्टर-ब्रँच’ दिसेल. त्याच्या वाटेला जाऊ नका. २०१९ च्या गिट २.२४ पासून त्याचं मदतपानच ‘फिल्टर-रिपो’ वापरायला सांगतं.

नव्या मुलाला तूर्त ‘डेप्थ १’ देऊन क्लोन करायला सांगा. फक्त शेवटचा कमिट उतरेल आणि त्याचं काम आजच सुरू होईल. इतिहास बदलायचा की नाही, ते सगळ्यांना विचारून सवडीने ठरवा.